लघुप्रबंध आणि संदर्भांचे ऋण

पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुला-मुलींच्या घरांत अलीकडे एक नवा शब्द ऐकू येऊ लागला आहे : लघुप्रबंध. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये तिचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या आणि संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली संशोधन प्रकल्प किंवा लघुप्रबंध करता येतो. 'संशोधनासह ऑनर्स' या पदवीच्या १६० श्रेयांकांपैकी १२ श्रेयांक या एकाच कामाचे असतात. आजवर एम.ए., एम.फिल. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांपुरते मर्यादित असलेले एक काम आता विशीतल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आले आहे.

ही कल्पना मूळची आपली नव्हे. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रबंध लिहिण्याची प्रथा जुनी आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात तर जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला तो लिहावाच लागतो. त्यांतील काही प्रबंध विद्यापीठाबाहेरही गाजले. जॉन एफ. केनेडी यांनी हार्वर्डमध्ये म्युनिक कराराच्या अनुषंगाने लिहिलेला प्रबंध १९४० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. वेंडी कॉप या विद्यार्थिनीने १९८९ मध्ये प्रिन्स्टनच्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेतून 'टीच फॉर अमेरिका' ही संस्था उभी राहिली आणि पुढे त्याच धर्तीवर २००९ मध्ये मुंबई-पुण्यातील शाळांत 'टीच फॉर इंडिया'चे काम सुरू झाले. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी केलेले लेखनही लोक गांभीर्याने घेऊ शकतात, हे यावरून दिसते. मात्र त्यासाठी एक अट असते. आपण हे कशाच्या आधारे म्हणतो, ते लेखकाने सांगितले पाहिजे.

नेमकी हीच अट विद्यार्थ्यांना सर्वांत रुक्ष वाटते. विषय निवडताना उत्साह असतो, वाचताना गोडी लागते, लिहिताना थोडी दमछाक होते. आणि संदर्भ देण्याचे काम मात्र 'शेवटी बघू' म्हणून बाजूला पडते. मग प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री कोणते वाक्य कोणत्या पुस्तकातले, ते पुस्तक कोणत्या ग्रंथालयातले आणि पृष्ठ कोणते, याचा शोध सुरू होतो. काही आठवते, काही आठवत नाही. जे आठवत नाही ते तसेच राहते आणि दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर जमा होते. वाङ्मयचौर्याची कितीतरी प्रकरणे अशा विसराळूपणातूनच जन्माला येतात. हेतू वाईट नसतो, परंतु परिणाम तोच होतो.

एका विद्यार्थ्याचा निबंध

संदर्भ म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी एका विद्यार्थ्याचाच निबंध पाहणे उपयुक्त ठरेल. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. बाबासाहेब तेव्हा पदवीच्या पुढचे शिक्षण घेत होते, त्यामुळे तो लघुप्रबंध नव्हे. पण दुसऱ्यांच्या लेखनाशी कसे वागावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

जात म्हणजे काय, या प्रश्नावर त्या काळी ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, अशा चार अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी निबंधात घेतल्या : फ्रेंच पंडित सेनार, ब्रिटिश अधिकारी नेसफिल्ड आणि रिस्ले, आणि चौथे आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचे जातिसंस्थेवरील इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आंबेडकरांनी प्रत्येकाचे नाव घेतले, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकापुढे ठेवले आणि मगच ते कुठे अपुरे पडते, हे सांगितले. केतकरांची व्याख्या त्यांना अधिक नेमकी वाटली, कारण ती एकट्या जातीचा नव्हे, तर जातींच्या व्यवस्थेचा विचार करते. तरीही आंतरजातीय विवाहास बंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असा आक्षेप त्यांनी घेतला. तिथून त्यांचा स्वतःचा सिद्धान्त सुरू होतो. शेवटी तर आपले विवेचन टिकणारे नाही असे कोणी दाखवून दिल्यास ते सोडून देण्याची तयारीही त्यांनी दर्शवली.

या निबंधातील चार नावे काढून टाकली, तर काय उरेल? मते उरतील, पण ती कोणाच्या विरोधात आणि कोणाच्या पुढे जाऊन मांडली आहेत, हे कळणार नाही. आंबेडकरांचे स्वतःचे म्हणणे कोणते, हेसुद्धा उठून दिसणार नाही. दुसऱ्याचे दुसऱ्याला देऊन टाकल्यावर जे उरते, तेच आपले असते. विद्यार्थ्यांना वाटते की, फार संदर्भ दिले तर आपले काहीच नाही असे परीक्षक म्हणतील. वस्तुतः संदर्भ न दिल्यामुळेच आपले आणि परके यांची सरमिसळ होते आणि परीक्षकाला सारेच परके वाटू लागते.

कशाला संदर्भ हवा, कशाला नको

आता एक विषय समोर ठेवू. समजा, मुंबईतील एखादी विद्यार्थिनी १९८२ च्या गिरणी संपावर लघुप्रबंध लिहीत आहे. तिला पडणारा पहिला प्रश्न म्हणजे, प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा काय?

तसे नाही. संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला आणि त्याचे नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांनी केले, या गोष्टी सर्वज्ञात आहेत. कोणत्याही विश्वसनीय पुस्तकात त्या सारख्याच आढळतील. त्यांना संदर्भाची गरज नाही. पण संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, असे लिहिले की संदर्भ हवा. कारण आकडा आला की तो कोणी, कसा आणि केव्हा मोजला, हा प्रश्न येतोच. संपामुळे गिरण्या बंद पडल्या की आधीच डबघाईला आलेल्या गिरण्यांना संपाचे निमित्त मिळाले, यावर दुमत आहे. तिथे कोणते मत कोणाचे, हे सांगितलेच पाहिजे. आणि एखाद्या अभ्यासकाची मांडणी, त्याने केलेली विभागणी किंवा त्याने घडवलेली संज्ञा वापरली, तर शब्द आपले असले तरी कल्पना त्याची असते. म्हणून तिथेही संदर्भ हवा.

थोडक्यात कसोटी अशी : वाचकाने 'हे तुम्हांला कसे कळले?' असे विचारले आणि त्याचे उत्तर 'अमुक ठिकाणी वाचले' किंवा 'अमुक व्यक्तीने सांगितले' असे असेल, तर ते उत्तर आधीच लिहून ठेवावे. त्यालाच संदर्भ म्हणतात. शंका असेल तेव्हा संदर्भ देणे केव्हाही बरे. अधिकचा एक संदर्भ दिल्याने प्रबंधाचे फारसे बिघडत नाही. एक राहून गेल्याने मात्र बिघडू शकते.

शब्दांची अदलाबदल म्हणजे लेखन नव्हे

दुसऱ्याचे म्हणणे आपल्या लेखनात आणण्याच्या दोन सरळ वाटा आहेत. एक म्हणजे त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत देणे आणि दुसरी म्हणजे त्याचा आशय समजून घेऊन तो स्वतःच्या शब्दांत मांडणे. दोन्ही ठिकाणी संदर्भ लागतोच. विद्यार्थी फसतात ते या दोहोंच्या मधल्या, निसरड्या वाटेवर.

उदाहरणादाखल एक काल्पनिक वाक्य घेऊ. समजा, एखाद्या पुस्तकात असे लिहिले आहे : 'संपाच्या काळात गावाशी असलेल्या नात्याने कामगाराला तगवले, मात्र त्याच नात्याने शहरातील लढ्यापासून त्याला दूरही नेले.' आता विद्यार्थिनीने लिहिले : 'संपाच्या कालखंडात खेड्याशी असलेल्या संबंधांनी श्रमिकाला टिकवले, परंतु त्याच संबंधांनी नगरातील संघर्षापासून त्याला लांबही नेले.' इथे गावाचे खेडे झाले, नात्याचे संबंध झाले, लढ्याचा संघर्ष झाला. वाक्याचा सांगाडा, विचाराचा क्रम आणि त्यातला विरोध मात्र मूळ लेखकाचाच राहिला. हे स्वतःचे लेखन नव्हे. खाली संदर्भ दिला तरी हे वाक्य आपले असल्याचा आभास त्यातून निर्माण होतो, म्हणून तेही गैरच.

मग योग्य रीत कोणती? पुस्तक मिटावे, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि कोणाला तोंडी समजावून सांगतो तसे लिहावे : 'अनेक कामगार संपात कोकणात किंवा घाटावर आपापल्या गावी परतले. त्यामुळे त्यांची उपासमार टळली, पण गिरणगावातील सभा-मोर्चांत त्यांची उपस्थिती राहिली नाही. अमुक लेखकाच्या मते गावाच्या आधाराचा परिणाम असा दुहेरी होता.' इथे लेखकाचा विचार त्याच्या नावावर राहिला आणि मांडणी विद्यार्थिनीची झाली. लिहून झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडून दोन गोष्टी ताडून पाहाव्यात : आशय बदलला तर नाही ना, आणि नकळत मूळचे शब्द तर आले नाहीत ना.

अवतरण मात्र तिथेच द्यावे जिथे मूळ शब्दांनाच महत्त्व आहे. कायद्याची भाषा, एखादी वादग्रस्त व्याख्या, कामगाराच्या तोंडचे बोल यांत शब्द बदलले की अर्थ बदलतो. नुसती माहिती असेल तर अवतरणाची गरज नसते. पानापानावर लांबलचक अवतरणे असलेला प्रबंध हा उताऱ्यांचा संग्रह होतो.

मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक सावधगिरी आहे. आपले बरेचसे वाचन इंग्रजीत होते. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला की तो आपला झाला, असा एक समज विद्यार्थ्यांत आढळतो. भाषा बदलल्याने मालकी बदलत नाही. शब्दाला शब्द जुळवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नजरेतून असे भाषांतर निसटूही शकेल; पण विषय जाणणाऱ्या परीक्षकाच्या नजरेतून सहसा निसटत नाही, कारण मराठी वाक्याच्या आड इंग्रजी वाक्याची ठेवण डोकावत असते. भाषांतर करून अवतरण द्यायचे असेल तर मूळ ग्रंथाचा संदर्भ द्यावा आणि 'भाषांतर प्रस्तुत लेखिकेचे' असे नमूद करावे. तेवढ्याने काम भागते.

पद्धती अनेक, तत्त्व एक

एपीए, एमएलए, शिकागो, हार्वर्ड ही नावे ऐकून नवा विद्यार्थी बावरतो. या पद्धती वेगवेगळ्या विद्याशाखांच्या गरजांतून आल्या आहेत. लेखकाचे नाव आणि वर्ष मजकुरातच कंसात देण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील लेखाला दिले जाते. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने म्हणजे एपीएने आपले पहिले नियम १९२९ मध्ये मांडले, तेव्हा ते अवघ्या सात पानांचे होते. शिकागो विद्यापीठाची नियमपुस्तिका १९०६ ची. त्याच विद्यापीठात प्रबंधांची तपासणी करणाऱ्या केट टुराबियन या सचिवांनी विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण ओळखून १९३७ मध्ये एक छोटी पुस्तिका तयार केली. ती वाढत वाढत आजही जगभर वापरली जाते.

समाजशास्त्रे आणि विज्ञान यांत निष्कर्ष किती ताजा आहे याला महत्त्व असते, म्हणून तिथे वर्ष पुढे येते. इतिहासात कागदपत्रांची ओळख सविस्तर द्यावी लागते आणि ती मजकुरात मावत नाही, म्हणून तळटीप लागते. साहित्याच्या अभ्यासात नेमक्या ओळीला महत्त्व असल्याने लेखक आणि पृष्ठ पुरते. गिरणगावावरील एका प्रसिद्ध पुस्तकाचे उदाहरण घेऊ. एपीएच्या धर्तीवर मजकुरात केवळ 'मेनन व आडारकर, २००४' असे येईल. शिकागोच्या तळटिपेत 'मीना मेनन व नीरा आडारकर, वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस, सीगल बुक्स, कोलकाता, २००४' असे लिहून पुढे पृष्ठक्रमांक दिला जाईल. मांडणी निराळी, पण माहिती तीच : कोणी, काय, कुठे, केव्हा आणि कोणत्या पानावर. आपल्या विभागाने सांगितलेली एक पद्धत निवडावी आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच पाळावी. स्वल्पविराम चुकला तर क्षम्य आहे. वाचकाला ते पान सापडले नाही तर मात्र संदर्भ निरुपयोगी ठरतो.

मराठी साधनांच्या काही खास अडचणी या परदेशी पुस्तिकांत सापडत नाहीत. जुन्या मराठी ग्रंथांवर अनेकदा शालिवाहन शक असतो. त्यात साधारणपणे ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शके १८२० म्हणजे १८९८. संदर्भात मूळ शक देऊन कंसात सन द्यावा. काही पुस्तकांवर वर्षच नसते. तिथे अंदाजाने वर्ष न घालता 'प्रकाशनवर्ष नाही' असे स्पष्ट लिहावे. एकाच पुस्तकाच्या आवृत्त्यांत पृष्ठांक बदलतात, म्हणून आपण हाताळलेली आवृत्ती नोंदवावी. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचे नाव गाळू नये. सूचीत आडनाव आधी लिहावे, मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या कराव्यात आणि मराठी सूची वर्णानुक्रमे लावावी. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव असते. तेव्हा केवळ 'विश्वकोश' असे न लिहिता नोंदीचे शीर्षक आणि नोंद लिहिणाऱ्याचे नाव द्यावे. त्या व्यक्तीनेही श्रम केलेले असतात.

न पाहिलेल्या कागदाचा हवाला

दुसऱ्याच्या पुस्तकातील तळटीप उचलून आपल्या प्रबंधात ठेवणे हा मोह फार जणांना होतो. समजा, राजनारायण चंदावरकर यांच्या मुंबईतील गिरणी उद्योगावरील ग्रंथात अभिलेखागारातील एखाद्या फाइलचा हवाला आहे. विद्यार्थिनीने ती फाइल पाहिलेली नाही, पण आपल्या तळटिपेत तिने थेट त्या फाइलचाच क्रमांक घातला. आपण एलफिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात बसून ती फाइल वाचली, असे ती न बोलता सांगते आहे आणि ते खरे नाही. मूळ लेखकाच्या वाचनात वा नोंदीत चूक असेल, तर ती चूकही तिच्या नावावर जमा होते. सरळ मार्ग असा, की 'अमुक फाइल. चंदावरकर यांच्या ग्रंथात उद्धृत' असे लिहावे. यात कमीपणा मुळीच नाही.

संदर्भाच्या बाबतीत आपल्याकडची परंपराही कडक आहे. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने आधार नसलेले काही लिहिणार नाही आणि अनावश्यक काही सांगणार नाही, अशी प्रतिज्ञाच आरंभी केली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहावी. वर श्लोक आणि खाली कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे, याच्या बारीक टाइपातील नोंदी. संपादकांनी निवडलेला पाठ पटला नाही, तर वाचकाने खाली पाहून स्वतः ठरवावे, ही त्यामागची भूमिका. तळटीप म्हणजे वाचकाला आपल्याशी असहमत होण्यासाठी दिलेले साधन आहे.

यंत्राने रचलेले संदर्भ

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि विद्यार्थ्यांच्या हाती एक नवे साधन लागले. प्रश्न विचारला की उत्तर मिळते आणि मागितले तर संदर्भसूचीही मिळते. लेखकाचे नाव ओळखीचे, शीर्षक पटण्यासारखे, वर्ष आणि पृष्ठेही रीतसर. फक्त तसा लेख कधी प्रसिद्धच झालेला नसतो. अशी यंत्रे पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधून मजकूर रचतात. त्यामुळे खऱ्या संदर्भासारखा दिसणारा खोटा संदर्भ रचणे त्यांना कठीण नसते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील फेडरल न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला पाच हजार डॉलरचा दंड केला, तो याच कारणासाठी. त्यांनी न्यायालयात हवाला दिलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचले होते. अनुभवी वकिलांची ही गत, तर नवख्या विद्यार्थ्याने किती जपायला हवे!

यावर उपाय जुनाच आहे. जे पान स्वतः उघडून वाचले नाही, त्याचा संदर्भ द्यायचा नाही. ग्रंथालयाच्या सूचीत, नियतकालिकाच्या संकेतस्थळावर किंवा भारतीय प्रबंधांच्या 'शोधगंगा' या भांडारात तो लेख वा प्रबंध खरोखर आहे का, हे पाहावे. भाषा सुधारण्यासाठी वा अन्य कामासाठी अशा साधनाची मदत घेतली असेल आणि महाविद्यालयाचे नियम तशी परवानगी देत असतील, तर कोणत्या कामासाठी घेतली, हे प्रबंधात प्रांजळपणे सांगावे.

टक्केवारीचा भ्रम

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियम केले. ते प्रामुख्याने पदव्युत्तर व संशोधन पातळीवरील प्रबंधांसाठी आणि प्रकाशित लेखनासाठी आहेत; पदवी पातळीवर महाविद्यालये आपापले नियम लावतात. तरीही त्यांची चौकट माहीत असणे बरे. मजकुराचे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत असल्यास ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठ टक्क्यांच्या वर साम्य आढळल्यास नोंदणीच रद्द होते. रीतसर श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश हे साम्य मोजताना वगळले जातात.

या आकड्यांमुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. 'आमचे साम्य आठ टक्के आले, म्हणजे आम्ही सुटलो,' असे विद्यार्थी म्हणतात. सॉफ्टवेअर फक्त शब्दांचे साम्य मोजते, प्रामाणिकपणा मोजत नाही. त्या आठ टक्क्यांत प्रबंधाचा मुख्य निष्कर्षच दुसऱ्याचा असू शकतो. उलट साम्य वीस टक्के दिसूनही त्यातले बरेचसे कायद्याची कलमे किंवा सॉफ्टवेअरला न ओळखता आलेली रीतसर अवतरणे असू शकतात. आकडा पाहून सुटकेचा नि:श्वास टाकण्यापेक्षा अहवालातील प्रत्येक रंगवलेले वाक्य वाचून पाहावे.

आज सुटलेली चूक कायमची सुटते, असेही नाही. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर झू गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठाने फेब्रुवारी २०११ मध्ये रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. प्रबंधात अनेक ठिकाणी दुसऱ्यांचा मजकूर श्रेयाविना आला असल्याचे वाचकांनीच शोधून काढले होते. छापलेले पान कपाटात शांत पडून असते, परंतु कोणीतरी ते कधीतरी उघडतेच.

पहिल्या दिवसापासूनची वही

मग हे सारे जमवायचे कसे? उत्तर साधे आहे. संदर्भाचे काम लेखनाच्या शेवटी नव्हे, वाचनाच्या आरंभी करायचे. पुस्तक हातात घेतल्याबरोबर, एकही ओळ टिपण्यापूर्वी, त्याच्या मुखपृष्ठामागील पानावरून लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि आवृत्ती उतरवून घ्यावी. प्रत्येक टिपणापुढे पृष्ठक्रमांक लिहावा. मूळचे शब्द उतरवले तर टिपणवहीतच अवतरणचिन्हे घालावीत. स्वतःचा विचार सुचला तर तो वेगळ्या शाईने लिहून त्यापुढे 'माझे' असे लिहावे. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य कोणाचे, याची शंकाच उरत नाही.

संकेतस्थळावरील मजकूर बदलतो वा नाहीसा होतो. म्हणून पाहिल्याची तारीख नोंदवावी आणि पानाची प्रत जतन करावी. 'झोटेरो'सारखी मोफत साधने ही नोंद ठेवून सूची आपोआप तयार करतात. परंतु त्यात भरलेली माहिती चुकीची असेल, तर सूचीही सुबकपणे चुकीचीच निघेल. आणि देवनागरी नावांच्या बाबतीत तर हाताने तपासणे आवश्यकच. मसुदा लिहिताना वाक्य पूर्ण झाले की संदर्भ तिथेच टाकावा, मग तो कच्चा का असेना. सादर करण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस फक्त पडताळणीसाठी राखून ठेवावा : मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतले प्रत्येक पुस्तक मजकुरात कुठेतरी आले आहे का, हे बोट ठेवून पाहावे. केवळ वजन वाढवण्यासाठी सूचीत घातलेली न वाचलेली पुस्तके परीक्षकाच्या एका प्रश्नात उघडी पडतात.

आणि शेवटी, सर्वच संदर्भ पुस्तकांचे नसतात. आपली विद्यार्थिनी लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत जाईल, संपात सहभागी झालेल्या वृद्ध कामगाराशी बोलेल. तो तिला चहा देईल, मोर्च्यांच्या आठवणी सांगेल, घरातले दागिने कधी विकले ते सांगेल. त्याने सांगितलेले ती प्रबंधात वापरील. पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकाचे नाव ती आठवणीने देईल, कारण ते नियमांत आहे. या माणसाचे काय? त्याची संमती घ्यावी. नाव छापलेले चालेल का, हे त्याला विचारावे. चालत असेल तर मुलाखतीचे स्थळ आणि तारीख घालून त्याचे नाव पूर्ण, आडनावासकट द्यावे. नको असेल तर बदललेले नाव वापरून तसे स्पष्ट करावे. 'एका कामगाराने सांगितले' एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.

गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे उभे आहेत. त्या माणसाचे नाव छापील अक्षरांत यायला कदाचित त्या लघुप्रबंधातील एक तळटीप एवढीच जागा उरली असेल. ती तळटीप बिनचूक लिहिणे, हे त्या विद्यार्थिनीच्या हाती आहे.